अकरा नंबर, राखीव

सोमवार, १ सप्टेंबर

आलो एकदाचा! तीन वर्षं दोन गावांत राहून आम्ही नवरा-बायकोने फोनवर संसार केला, तो आज संपला. ही इथल्या हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे आणि मला ह्याच हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळायची नोकरी लागली. स्टाफ क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, हातभर गॅलरी आणि स्वयंपाकघरात अखंड ठिबकणारा नळ. मी म्हटलं, रविवारी दुरुस्त करतो. ती म्हणाली, फोनवर तीन वर्षं हेच ऐकतेय. दोघंही खूप हसलो.

कामाची खोली तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे आहे. खिडकी आहे, पण ती पार्किंगकडे उघडते. एसी इतका गार की स्वेटर न्यावा लागणार. माझ्याआधी इथे जे होते त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. पंचेचाळिशीचे, एकटे. जूनअखेर सकाळी ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीत हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेले. मेट्रनबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत हे सगळं सांगून टाकलं आणि खुर्ची बदलून हवी का असंही विचारलं. मी म्हटलं, खुर्ची छान आहे, राहू द्या. गेलेल्या माणसांची भीती मला कधी वाटली नाही. मला त्रास होतो तो जिवंत माणसांचा, त्यातही हुशार जिवंत माणसांचा.

हॉस्पिटलभर मास्तरांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या आहेत, मोत्यासारख्या अक्षरात. लॅबच्या प्रिंटरवर लिहिलंय, 'रुसला तर बंद करा, दहा आकडे मोजा, मग प्रेमाने चालू करा.' लॅबमधल्या ताई म्हणाल्या, खरंच प्रेमाने केला की चालतो. मी हसलो, पण अक्षर जरा जास्तच चांगलं वाटलं.

बुधवार, ३ सप्टेंबर

जुना डीएचसीपी सर्व्हर म्हाताऱ्या कुत्र्यासारखा धापा टाकतोय. नवा बसवून सगळी व्यवस्था तिकडे न्यायची, हे माझं पहिलं काम. हिला जेवताना समजावून सांगितलं. हॉस्पिटलात दोनशेच्या वर यंत्रं आहेत. कॉम्प्युटर, प्रिंटर, वॉर्डातले मॉनिटर, लोकांचे फोन. नेटवर्कवर आलेल्या प्रत्येकाला एक नंबर लागतो. तो ज्याने त्याने मनाने घेतला तर दोघं एकाच नंबरवर बसतील आणि गोंधळ होईल. म्हणून मध्ये एक कारकून बसवायचा. नवं यंत्र आलं की ते ओरडतं, मला नंबर द्या. कारकून मोकळ्या नंबरांतला एक देतो, आठ दिवसांच्या मुदतीवर. अर्धी मुदत सरली की यंत्र आपण होऊन विचारतं, राहू का? कारकून हो म्हणाला की पुन्हा आठ दिवस. कुणी नंबर सोडून गेलं तर तो पुढच्या मागणाऱ्याला जातो. तो कारकून म्हणजेच डीएचसीपी.

ही म्हणाली, हो, मास्तरांनी सांगितलं होतं. ते म्हणायचे, काही नंबर राखीवही असतात.

माझ्या तोंडातलं वाक्य काढून घेतलं. राखीव नंबरांचं मी आता सांगणारच होतो. मॅक म्हणजे यंत्राची कारखान्यातून आलेली जन्मखूण. त्या खुणेपुढे नंबर लिहून ठेवला की तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही, ते यंत्र महिनाभर बंद असलं तरी. मग मी ते सांगितलंच नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

हात दाखवून अवलक्षण. नवा सर्व्हर चालू केला आणि जुना बंद करायला विसरलो. एका दुकानात दोन कारकून बसले आणि दोघांनीही तेच नंबर वाटले. तासाभरात लॅबचे रिपोर्ट बाळंतिणींच्या वॉर्डात छापून यायला लागले. एका बाईच्या नवऱ्याने हातात आलेला कागद वाचला आणि बायकोला मधुमेह झाला म्हणून खुर्चीतच बसकण मारली. जुन्या सर्व्हरची वायर उपटल्यावर सगळं ताळ्यावर आलं.

ओरडलं कुणी नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मेट्रनबाई नुसत्या म्हणाल्या, मास्तरांच्या वेळी असं कधी झालं नाही. लॅबच्या ताई तेच म्हणाल्या. चहा आणणाऱ्या मावशी तर माझ्यापुढे कप ठेवून म्हणाल्या, मास्तर बिनसाखरेचा घ्यायचे, म्हणून डोकं शांत असायचं. गेलेला माणूस देव होतो म्हणतात, इथे तर देवळात मीच राहायला आलोय.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज राखीव नंबरांची यादी नव्या सर्व्हरवर उतरवली. शेवटचा आकडा तेवढा वेगळा, बाकी सगळ्यांचं सारखंच. एक्स-रेचं यंत्र वीस, लॅबचे एकवीस ते अठ्ठावीस, ऑपरेशन थिएटर तीसच्या पुढे. सदतीस राखीव नंबर, जवळजवळ सगळे हॉस्पिटलच्या यंत्रांचे. अकरा नंबर मास्तरांच्या स्वतःच्या लॅपटॉपचा, ते समजू शकतो.

बारा नंबर हिच्या मोबाईलचा.

दोनदा तपासलं. दोनशेच्या वर यंत्रांत एका माणसाचा खासगी फोन राखीव यादीत आहे, तो माझ्या बायकोचा आहे आणि त्यांच्या नंबराला चिकटून आहे. हे नंबर कुणी नशिबाने मिळवत नाही. ते हाताने लिहावे लागतात. कुणाला कुणाशेजारी बसवायचं हे लिहिणारा ठरवतो.

मी ते तसंच नव्या सर्व्हरवर उतरवलं. का उतरवलं ते मलाही कळलं नाही. संध्याकाळी हिला सहज वाटावं अशा आवाजात विचारलं. ती म्हणाली, अरे, तुझ्याशी व्हिडिओवर बोलताना फोन सारखा तुटायचा ना, मी फार्मसीत एकदा रडले होते त्यावरून. मास्तरांनी करून दिलं. त्यानंतर तुटला नाही, आठवतं?

आठवतं. मागच्या वर्षी दिवाणावर पडून मी तिच्याशी तास-तास बोलायचो आणि फोन तुटायचा नाही. ते त्यांच्या कृपेने होतं म्हणे. अंगाचा तिळपापड झाला.

बुधवार, १० सप्टेंबर

जुन्या-नव्या सर्व्हरच्या नोंदी वाचताना एक गंमत दिसली. रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मास्तरांचा लॅपटॉप अकरा नंबर मागतो आणि सर्व्हर तो देतो. आजही दिला.

स्टोअरकीपरकडे गेलो. तो म्हणाला, मास्तरांचा लॅपटॉप जुलैपासून भंगाराच्या कपाटात आहे. कपाट उघडून दाखवलं. बॅटरी काढलेली, आतली डिस्क काढलेली, वर बोटभर धूळ. मी उलटा करून खालच्या स्टिकरवरचा मॅक पाहिला. तोच.

कुणीतरी फुकटच्या इंटरनेटसाठी मास्तरांचा मॅक आपल्या फोनला चिकटवला असणार. असे उद्योगी लोक सगळीकडे असतात. शोधून काढतो. खरं सांगायचं तर मला त्या नऊ दहाचं फारसं काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात बारा नंबरच फिरतोय.

शनिवार, १३ सप्टेंबर

भांडलो. मी म्हटलं, तुझा फोन त्या यादीतून काढायला हवा, खासगी फोन राखीव ठेवणं नियमात बसत नाही. ती म्हणाली, काढ. मी म्हटलं, मी नाही काढणार, तू येऊन सांग. रीतसर, खोलीत येऊन सांग की मला ह्यांच्या शेजारचा नंबर नको.

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी कशाला सांगू? मी काय चोरी केलीय?"

मग रात्रभर तोंड फिरवून झोपली. मलाही कळतंय की मी सुतावरून स्वर्ग गाठतोय. मेलेल्या माणसाचा हेवा करणं ह्यासारखा मूर्खपणा नाही. पण जिवंत असता तर निदान एकदा त्याला बघितलं असतं, त्याचं टक्कल पडलंय, पोट सुटलंय, असं काहीतरी दिसलं असतं. हा तर नुसता अक्षरात उरलाय.

मंगळवार, १६ सप्टेंबर

नऊ दहाला खिडकीशी बसून नोंदी पाहिल्या. आला. अकरा मागितला, मिळाला. हॉस्पिटलभर हिंडलो, अकरा नंबरवर काम करणारं एकही यंत्र सापडलं नाही.

दुपारी फार्मसीत गेलो होतो. हिच्या काउंटरवरही मास्तरांची चिठ्ठी आहे. 'दोन तास उभं राहिलात तर दोन मिनिटं बसा.' मी फाडायला गेलो तर ती म्हणाली, असू दे ना, सवय झालीय. घरी मी तिला कधी बस म्हटलंय का, ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज केलं. दुपारी चार वाजता अकरा नंबरपुढची मास्तरांची जन्मखूण पुसली आणि तिथे माझ्या लॅपटॉपची लिहिली. माझा आधीचा नंबर सत्त्याऐंशी होता, साधा, मोकळ्यांतला. तो रीतसर सोडून दिला. आता अकरा मी, बारा ही. तिच्या शेजारी मी बसलोय आणि नियमात बसून बसलोय.

चोरट्याला उद्या सकाळी अकरा मिळणार नाही. सर्व्हर त्याला सांगेल, हा आता दुसऱ्याचा आहे, हवा तर मोकळ्यांतला घे. किती दिवसांनी पोटभर जेवलो. हिने विचारलं, आज काय विशेष. मी म्हटलं, काही नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

नोंद जशीच्या तशी लिहितो. नऊ दहाला त्याने अकरा मागितला. नकार. लगेच त्याने कुठलाही चालेल म्हणून मागितलं. सर्व्हरने नुकताच मोकळा झालेला नंबर दिला, सत्त्याऐंशी, आठ दिवसांच्या मुदतीवर. गप्प घेतला. मला हसू आलं, माझं उष्टं त्याला मिळालं.

दिवस तर फारच छान गेला. मेट्रनबाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, काय मास्तर, आज लवकर. जीभ घसरली असेल, पण इतक्या प्रेमाने माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. मावशींनी चहा दिला, बिनसाखरेचा. मी पिऊन टाकला. लॅबच्या ताईंनी प्रिंटरसाठी बोलावलं, मी बंद करून दहा मोजले, चालू झाला. त्या म्हणाल्या, तुमच्याच हाताला ऐकतो.

साडेपाचला घरी गेलो. ही गॅलरीत उभी होती, अगदी खुशीत. म्हणाली, पुन्हा कुठे गेला होतास, चहा झाल्या झाल्या उठलास. मी म्हटलं, आत्ता तर येतोय. तिने हसून हात झटकला. मोरीत दोन कप होते. थट्टा करत असेल. भांडण मिटलं असं समजायला हरकत नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी हॉस्पिटलातून बोलावणं आलं म्हणून गेलो. गेलो तर कुणीच बोलावलं नव्हतं. एक वाजता परत आलो तर नळ ठिबकत नव्हता. मी विचारलं, कुणाला बोलावलंस. ती म्हणाली, वेडा आहेस का, सकाळी स्वतःच तर तासभर खपलास.

मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बोलत राहिली. म्हणाली की दोन दिवस तू वेगळाच वागतोयस. माझं ऐकून घेतोस. मध्ये तोडत नाहीस. काल मी आईबद्दल बोलले तेव्हा तू काही न बोलता नुसता बसून होतास, मला तेच हवं होतं.

काल संध्याकाळी सात वाजेपर्यंत मी खोलीत बसून नोंदी वाचत होतो.

मी तिला हे सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहिला. तीन वर्षांत तो चेहरा माझ्यामुळे असा झाला नव्हता. सांगितलं असतं तर तो गेला असता. त्या दुसऱ्याचं कौतुक माझं म्हणून ऐकून घेतलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

मेट्रनबाईंनी मला केबिनमध्ये बसवून तब्येत विचारली. म्हणाल्या, दोन महिने रजा घेतलीत ते बरं केलंत मास्तर, आम्ही घाबरलो होतो. मी म्हटलं, मी मास्तर नाही. त्यांनी पाणी पुढे केलं. तुमच्या जागेवर घेतलेला तो नवा मुलगाही चांगला आहे, म्हणाल्या, फार्मसीतल्या बाईंचा नवरा. आता त्याला वरच्या मजल्यावर बसवलंय. आधी जरा हेकट होता, आता सुधारलाय.

वरच्या मजल्यावर धावलो. खोली रिकामी होती. टेबलावर माझा डबा उघडा, अर्धा खाल्लेला. माझ्याकडे आज डबा नव्हताच. हिने सकाळी दिला नव्हता, मला वाटलं विसरली.

शिपाई म्हणाला, आत्ताच घरी गेले. ते रोज वेळेवर जातात.

खिडकीतून पाहिलं. पार्किंगमधून तो चालला होता. माझा निळा शर्ट. मान माझी. चाल मात्र माझी नव्हती, सावकाश, ओझं उतरवून ठेवल्यासारखी. मी काच ठोकली. त्याने वळून पाहिलं नाही.

रात्री उशिरा घरी गेलो तेव्हा ही झोपली होती. दिवा बंद. मी बाहेरच्या खोलीत पडलो. आत दोघांचा श्वास ऐकू येत होता. नसेल. मी दार ढकललं नाही. ढकलायला हवं होतं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आज त्याची अर्धी मुदत संपते. नऊ दहाला तो विचारणार, राहू का. सर्व्हरने नाही म्हणावं म्हणून आठ वाजल्यापासून तयार बसलो. नकाराच्या यादीत मास्तरांचा मॅक लिहिला. एकेक अक्षर दोनदा तपासलं. नऊ आठला बटण दाबलं.

माझा लॅपटॉप बंद पडला.

म्हणजे चालू आहे, पण नेटवर्क त्याला ओळखत नाही. मास्तरांचं यंत्र अडवलं आणि माझं अडलं. लॅपटॉप उलटा केला. खाली स्टिकरवर मास्तरांचा मॅक. कडेला स्टोअरची भंगाराची खूण. बोटाला धूळ.

सर्व्हरच्या पडद्यावर सत्त्याऐंशी पाहिला. त्याच्यापुढे माझा मॅक. नऊ दहा. राहू का. हो.

नकार पुसून टाकला. माझा लॅपटॉप लगेच अकरावर आला. जसं काही झालंच नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

पुन्हा उलटं करून पाहिलं. अकरा परत मास्तरांना, सत्त्याऐंशी मला. सर्व्हर म्हणतो, सत्त्याऐंशी वापरात आहे. आधी त्या यंत्राने सोडायला हवा. त्याने सोडायला हवा म्हणजे त्याचा लॅपटॉप बंद करायला हवा. आणि तो घरी असतो, माझ्या घरी —

पाचला गेलो. माझी किल्ली लागली नाही. बेल वाजवली. दार हिने उघडलं.

"या ना मास्तर. किती दिवसांनी आलात. तो आतच आहे, हाक मारू?"

तुम्ही म्हणाली मला. पदर नीट केला, जसा परक्यासमोर करतात. मी तिचं नाव घेतलं, घरातलं, फक्त मी म्हणतो ते. तिचा चेहरा बदलला. ओशाळली. राग नव्हता, दया होती. हळू आवाजात म्हणाली, असं नका म्हणू, त्याला कळलं तर वाईट वाटेल. तुमच्यावरून आमच्यात आधीच एकदा वाजलंय.

आतून माझा आवाज आला. कोण आहे गं? ती म्हणाली, कुणी नाही, हॉस्पिटलातले.

जिना उतरलो. ती वरून बघत होती. काळजीने. ती काळजीसुद्धा मास्तरांची.

गुरुवार, २५ सप्टेंबर. सकाळ

खुर्चीतच रात्र काढली. जेवलो नाही. डावा खांदा दुखतोय, झोप अवघडली म्हणून असेल. असेल.

अक्षर पाहिलं आत्ता. मागची पानं गिचमिड, माझी. कालपासूनची — सुबक. मोत्यासारखी.

मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझी नाडी पाहिली.

एकच गोष्ट उरलीय. बारा नंबर. तिचा फोन अजून माझ्या शेजारी आहे. बाकी सगळं त्याने नेलं. घर, नळ, डबा, तिचं हसणं. हे नेता आलं नाही. दिवसभर त्या दोन ओळींकडे बघत बसलो तरी मला चालेल. अकरा. बारा.

गुरुवार, दुपार

ती आलीय. दारात उभी आहे. मास्तर आधी लिहितात आणि मग करतात हे तिला ठाऊक आहे, म्हणून मी लिहितोय ते तिला वावगं वाटत नाही. तिला वाटतंय तिची मागणी टिपून घेतोय.

तिने फोन टेबलावर ठेवला. म्हणाली,

"मास्तर, माझा नंबर तुमच्या शेजारून काढून टाका. तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी, पण माझ्या नवऱ्याला ते आवडत नाही. त्याने सांगितलं होतं, येऊन रीतसर सांग. मी तेव्हा आले नाही. चुकलं माझं."

मी सांगितलं होतं. मी. तेरा तारखेला —

तिला म्हटलं, बस. ती म्हणाली, नको, तो बाहेर थांबलाय. इतकी निवांत उभी आहे. म्हटलं, तुझं प्रेम आहे का त्याच्यावर. विचारायला नको होतं. लाजली. म्हणाली, आधी आहे की नाही कळायचं नाही. आता आहे.

आता. माझ्यावर आधी कळायचं नाही. त्याच्यावर — माझ्यावर — कुणावर —

यादी उघडली. बारा. तिचं नाव. पुसायला एक बटण. खिडकीतून दिसतोय, पार्किंगमध्ये, निळा शर्ट, इकडेच बघतोय. हसत नाही. वाट बघतोय नुसता. इतकी वर्षं त्यानेही अशीच —

डावा हात उचलवत नाही. छातीत कुणीतरी बसल्यासारखं. खुर्ची —

ती विचारतेय, झालं का मास्तर. म्हटलं, होतंय. ती म्हणतेय, तुम्हाला घाम आलाय, बसा दोन मिनिटं. मला म्हणतेय. बसा. किती मायेने. ही माया त्याची की माझी, एवढं एकदा तिला विचारून —

नाही पुसणार. बारा माझाच आहे, मी तिचा नवरा, मी तिला सांगतो, ती ऐकेल, एकदा नाव घेतलं की ती —

तिने स्वतःच वाकून बटण